साडभाऊ गप्प झाले त्याची गोष्ट

कानात सांगितलेली गोष्ट ज्यांच्या तोंडावाटे कधीच बाहेर पडत नाही, असे या पृथ्वीवर दोघेच झाले. एक महादेवाच्या देवळातला दगडी नंदी आणि दुसरे माझे साडभाऊ. त्यातही नंदीच्या कानात सांगितलेलं निदान देवापर्यंत तरी पोचतं. साडभाऊंच्या कानात गेलेलं तिथंच मुक्काम करायचं, तिथंच म्हातारं व्हायचं आणि तिथंच देह ठेवायचं.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. यवतमाळच्या कोर्टात एका दिवाणी वकिलाकडे त्यांनी उभा जन्म मुन्शी म्हणून काढला. कोर्टाची पायरी न चढलेल्या भाग्यवंतांसाठी सांगतो, की वकील फक्त बोलतो. नकला काढणं, तारखा सांभाळणं, तिकिटं डकवणं, घाबरलेल्या साक्षीदाराला चहा पाजून माणसात आणणं आणि साहेबांचा काळा कोट इस्त्रीवाल्याच्या तावडीतून वेळेवर सोडवणं, हे सगळं मुन्शी करतो. साडभाऊ हे सगळं करून वर कपाळाला गंध आणि तोंडात सुपारी सांभाळत. मी शाळामास्तर, म्हणून ते मला ‘मास्तर’ म्हणत. त्यांच्या दृष्टीनं मास्तर म्हणजे ज्याला ऐकायला भरपूर सवड असते असा मनुष्य.

कारण तेव्हा ते बोलत असत! हे आज कोणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी आमच्या नात्यातलं सगळ्यात लोकप्रिय वर्तमानपत्र म्हणजे साडभाऊ. संध्याकाळी हातपाय धुऊन पाटावर बसले, की कोर्टातल्या दिवसाचं वाचन सुरू व्हायचं. कोणत्या भावानं कोणत्या भावाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, नांगरला, कोणत्या सुनेनं सासूच्या पाटल्या मागितल्या, सगळं साग्रसंगीत. मात्र पक्षकाराचं नाव ते घेत नसत. त्या बाबतीत त्यांचा कटाक्ष असे. “नाव नाही सांगत मी,” असं म्हणून ते घास गिळत आणि पुढं म्हणत, “पण बसस्टँडासमोर ज्याचं चपलाचं दुकान हाय, ज्याचा एक डोया बारीक हाय, अन् ज्याची बहीण तुमच्या शाळेत शिकवते, तो.” एवढं झाल्यावर आम्ही नाव घेतलं, की ते दचकून विचारीत, “तुम्हाले कोणं सांगतलं?”

मग कापसाचे वाईट दिवस आले. गावात दोनच विषय उरले, भाव आणि बोंडअळी. लग्नाच्या पंगतीत बसा नाही तर मयताला जा, तिसरा विषय निघायचा नाही. आणि का कोण जाणे, नेमके त्याच दिवसांत कोर्टात कॉम्प्युटरही आले. आता मुन्शी लोकांना हे नवं यंत्र शिकवलं पाहिजे, असं कोणाच्या तरी मनात आलं. वकिलांच्या खोलीत एका रविवारी मुन्शांसाठी प्रशिक्षण ठेवलं. सकाळी कॉम्प्युटर, मग जेवण, आणि जेवणानंतर व्यवसायनीती. व्यवसायनीती जेवणानंतर ठेवण्यात आयोजकांचा हेतू दयाळूच असावा, कारण बहुतेकांना ती झोपेत मिळाली. साडभाऊ तेवढे जागे राहिले. त्याचे परिणाम आम्ही पुढं कैक वर्षं भोगले.

झालं असं, की नागपूरहून आलेल्या वकीलबाईंनी विचारलं, “आपल्या पक्षकाराची गोष्ट घरी जाऊन कोण कोण सांगतं?” साडभाऊंनी हात वर केला. आजूबाजूला पाहिलं, तर सगळ्या खोलीत एकट्या त्यांचाच हात वर! “मास्तर, माह्या शेजारी बसला होता तो तं माह्याहून दुप्पट सांगते,” ते मला नंतर कळवळून म्हणाले, “पण त्यानं हात मांडीखाली दाबून ठेवला.” बाई रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, की माणूस आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या अब्रूचं गाठोडं घेऊन येतो. ते आपल्याकडे ठेवायला दिलेलं असतं, सोडून पाहायला नाही. त्या संध्याकाळी साडभाऊ घरी आले, पाटावर बसले आणि मुकाट जेवले. ताईंनी कपाळाला हात लावून ताप पाहिला. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दुसऱ्याच दिवशी जाड प्लास्टिकात बंद होऊन देवघराशेजारी लागलं आणि आमचं वर्तमानपत्र कायमचं बंद पडलं.

सकाळच्या सत्राचा प्रसाद वेगळा होता. साडभाऊंचा हात टाइपरायटरवर बसलेला. कॉम्प्युटरची बटणं ते इतक्या जोरानं हाणीत, की पहिल्याच महिन्यात ‘क’ उडून साहेबांच्या चहात पडला. ओळ संपली की गाडा सरकवायच्या सवयीनं ते पडद्याला डाव्या बाजूनं एक चापट देत. पडदा काही सरकत नसे, पण हळूहळू टेबलाच्या कडेशी जाई, आणि साहेब ओरडत, “मुन्शीजी, टीव्ही पडला!” साहेब शेवटपर्यंत त्याला टीव्हीच म्हणाले.

सगळ्यात साडभाऊंना आवडली ती एका जागचा मजकूर उचलून दुसऱ्या जागी ठेवायची विद्या. “पाटी उचलली, पाटी टाकली, इतलं सोपं!” असं म्हणत त्यांनी ती इतकी वापरली, की साहेबांच्या कचेरीतल्या सगळ्या नोटिसा एकमेकींच्या बहिणी दिसू लागल्या. त्या वर्षी कपाशीचं बियाणं पुष्कळ ठिकाणी उगवलंच नव्हतं. एका शेतकऱ्यासाठी बियाणेविक्रेत्याला नोटीस द्यायची होती. साडभाऊंनी हाताशी असलेली एक जुनी नोटीस उचलली आणि ‘पत्नी’ होतं तिथं ‘बियाणे’ टाकत गेले. ती नोटीस विक्रेत्याला मिळाली ती अशी: “सदर बियाणे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनच माझे अशिलाशी नीट वागले नाही. वारंवार समजूत घालूनही ते नांदावयास तयार नाही. तरी आपण सदर बियाण्यास सन्मानाने परत न्यावे.” विक्रेत्याचा वकील रसिक होता. त्यानं उलट कळवलं, की आमचे अशील सदर बियाण्यास केव्हाही माघारी नेण्यास राजी आहेत, परंतु सासरच्या जमिनीत पुरेशी ओल होती काय, याचा खुलासा व्हावा. सगळं कोर्ट आठवडाभर हसत होतं. साहेबांनी दोन दिवस कोर्टात तोंड दाखवलं नाही. पण हसता हसता दोन्ही वकील भेटले आणि शेतकऱ्याला दुबार पेरणीच्या आत नवं बियाणं मिळालं. साडभाऊ म्हणाले, “हासले तं हासले. नांदलं नं शेवटी?”

आणि तो पासवर्ड! प्रशिक्षणात सांगितलं होतं, की पासवर्ड कोणालाही सांगू नये. साडभाऊंनी तो वकीलसाहेबांनाही सांगितला नाही.

“अहो, कॉम्प्युटर माझा आहे!” साहेब म्हणाले.

“कॉम्प्युटर तुमचाच हाय साहेब. पासवर्ड माहा हाय.”

एका सोमवारी कॉम्प्युटर उघडेना. साडभाऊ घामाघूम होऊन काहीबाही दाबत होते. साहेबांनी हताशपणे विचारलं, “विसरलात ना?” साडभाऊ ताठ बसून म्हणाले, “विसरलो नाही. सध्या मी तो माह्यापासूनही गुप्त ठेवून राह्यलो.” शेवटी पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारे आणि आता कॉम्प्युटर उघडणारे रफीकभाई आले. साडभाऊंनी त्यांना अट घातली, की दुरुस्त करा, पण पडद्याकडे पाहायचं नाही. आत पक्षकारांचे कागद आहेत. रफीकभाईंनी पेचकस खाली ठेवला. “मुन्शीजी, आँख मूँद के तो मैं सायकल का पंक्चर भी नहीं निकालता.” मग तोडगा निघाला. रफीकभाई काम करणार आणि पडद्यावर अक्षरं आली, की साडभाऊ आपली टोपी पडद्यापुढं धरणार. काम दुपारभर चाललं. टोपीचा मात्र निकाल लागला.

या सगळ्याला आम्ही हसत होतो, हे खरं. पण त्या दिवसांत यवतमाळला बाहेरगावचे लोक कॅमेरे घेऊन येत. एकदा दोघं-तिघं साहेबांच्या कचेरीत आले. साहेब नव्हते. “कर्जापायी जिचा नवरा गेला अशी एखादी बाई तुमच्याकडे कागदपत्रांसाठी येत असेल, तिचं गाव सांगा,” असं ते साडभाऊंना म्हणाले. साडभाऊंनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि मग यवतमाळात चांगला चहा कुठं कुठं मिळतो, दूध कोणत्या गवळ्याचं, पाणी किती घालतात, आलं कोणत्या ऋतूत तिखट, याची अशी इत्थंभूत माहिती दिली, की त्यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. ते गेल्यावर मी म्हटलं, “दोन शब्द सांगितले असते तर काय बिघडलं असतं?” साडभाऊ नेहमीसारखे हसले नाहीत. “मास्तर, त्या मायनं आमच्याजवळ कागद देल्ले. दुःख नाही देल्लं, वाटाले.”

पण माणसानं इतकं गप्प राहू नये, असं आमच्या सगळ्यांचं ठाम मत झालं ते वर्षाच्या लग्नाच्या वेळी. वर्षा त्यांची एकुलती एक मुलगी. बाभुळगावहून एक स्थळ सांगून आलं. मुलगा प्रशांत, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. उंच, शांत, बोलताना खाली पाहणारा. पाहण्याचा कार्यक्रम झाला. वर्षानं पोह्यांची बशी दिली तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही बसा नं, इतल्या वेळच्या उभ्याच आहात.” वर्षाला तो तिथंच आवडला. ताईंना आवडला, मला आवडला. कार्यक्रमाला साडभाऊ नव्हते, साहेबांबरोबर बाहेरगावी गेले होते. संध्याकाळी आले, तेव्हा ताईंनी मोठ्या उत्साहानं मुलाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, सगळं सांगितलं. साडभाऊंच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. ते म्हणाले, “मी या बैठकीत बसू शकत नाही.”

“कोणती बैठक?” ताई म्हणाल्या. “मी भाजी निवडून राह्यली.”

“या प्रकरणातून मी बाजूले होतो. पोरीच्या तर्फे मास्तर पाहतीन.”

“काहून?”

“कारण सांगता येत नाही.”

झालं! घरात वीज पडल्यासारखं झालं. मुलाचे वडील कधी तरी साहेबांच्या कचेरीत आले असणार, हे सगळ्यांना कळलं. आणि ज्याअर्थी साडभाऊ असे दगड झाले, त्याअर्थी मुलात काही तरी भयंकर आहे, हेही सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं. पोरगा जुगारी इथपासून त्याला फिट येतात इथपर्यंत अंदाज गेले. त्यात माझ्या बायकोनं बाभुळगावच्या कोणाकडून तरी बातमी आणली, की हा मुलगा एकदा ऐन साखरपुड्याच्या दिवशी पळून गेला होता. पाहुणे जमले होते, पेढे आले होते आणि नवरदेव गायब. मुलीच्या वडिलांनी त्याला कोर्टात खेचलं होतं म्हणे. वर्षा खोलीत जाऊन रडत बसली. ताईंनी साडभाऊंवर अस्त्र सोडलं. सकाळ-संध्याकाळ दुधीभोपळा, तोही बिनतिखटाचा. ज्या माणसाला ठेच्याशिवाय घास उतरत नसे तो माणूस निमूटपणे दुधी खात होता. त्यावरून मला कळलं, की हा माणूस आतून फार हलला आहे.

मी त्यांना कोर्टासमोरच्या टपरीवर गाठलं. “साडभाऊ, मला गोष्ट नको. होय का नाही, एवढंच सांगा.”

“होय म्हणलं तं फोडलं. नाही म्हणलं तं खोटं बोललो. गप बसलो तं पोट्टी रडते. तुम्हीच सांगा मास्तर, माणसानं तोंड ठेवावं कुठी?”

“मग बोलू नका. नुसती मान हलवा.”

“वा! मुक्या साक्षीदारानं मान हलवली तरी ती साक्षच असते. कोर्टात लिहून घेतात.”

“साहेबांना विचारलंत?”

“इचारलं. साहेब म्हणे, बाप म्हणून मन मानेल तसं करा. आता बापाचं मन अन् मुन्शाचं मन दोन खोल्यात ठेवू कसं मी? मधात भिंतच नाही.” त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते दुसरीकडे पाहत म्हणाले, “चहा घ्या.”

मी त्या ‘चहा घ्या’वर रात्रभर विचार केला. हा नक्कीच इशारा होता. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बाभुळगावला गेलो आणि तिथल्या एकेका चहाच्या दुकानात बसून चौकशी केली. (साडभाऊंनी मला पुढं शपथेवर सांगितलं, की त्यांना फक्त चहा घ्या असंच म्हणायचं होतं.) प्रशांतबद्दल जो तो एकच सांगे, की पोट्टा सोन्यासारखा, रात्री-अपरात्री गाय अडली तरी धावून येतो, पण साखरपुड्यातून पयाला, हेही खरंच. काहून पयाला, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सातव्या की आठव्या चहाला मात्र कळलं, की ज्या मुलीला सोडून तो पळाला, ती आता महागावला असते आणि तिचा नवरा मास्तर आहे. नाव ऐकलं आणि मी उडालोच. त्या मास्तरांबरोबर मी पेपर तपासायला बसलेलो होतो! पोटात एवढा चहा घेऊन मी महागावची एस.टी. पकडली. तो प्रवास कसा झाला, ते विचारू नका.

त्या बाईंनी मला ओसरीत बसवलं, आणि चहा आणू का म्हणाल्या. मी हात जोडले. मग मी भीत भीत विषय काढला. त्या क्षणभर नवऱ्याकडं पाहत राहिल्या. मग हसल्या आणि म्हणाल्या, “तो पयाला नाही जी. मीच पयवलं त्याले.”

त्यांचं मन आधीपासून या मास्तरांवर होतं. वडील तापट; बोलायची सोय नव्हती. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी त्यांनी कशीबशी प्रशांतची गाठ घेतली आणि सांगितलं, की मी नाही म्हटलं तर बाबा मला जिती ठेवणार नाहीत, तुम्हीच नाही म्हणा. तो म्हणाला, नाही म्हटलं तर कारण विचारतील, त्यापेक्षा मी येतच नाही. “त्यानं सारं आपल्या डोक्यावर घेतलं. बाबानं नोटीस देल्ली तरी तोंड उघडलं नाही. वकिलाच्या खोलीत सांगतलं तेवढंच, मागून भेटला तवा त्यानंच सांगतलं मले, अन् तिथंही म्हणाला, हे वापरू नका, तिच्या घरी समजन.” मग आत जायला वळता वळता त्या मला म्हणाल्या, “आता बाबा माह्या लेकराले मांडीवर घेऊन बसतात. आता सांगा, ज्याले सांगाचं त्याले. मीच सांगतलं म्हणा.”

वकिलाच्या खोलीत! म्हणजे साडभाऊंना हे सगळं माहीत होतं. आणि वाईट नव्हे, चांगलं माहीत होतं! आपल्या मुलीला हजारांत एक मुलगा मिळतो आहे, हे ठाऊक असून हा गृहस्थ आठ दिवस दुधी खात बसला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांना बसवून सांगू लागलो. साडभाऊ उठून बाहेर निघाले होते, पण ताईंनी सदऱ्याला धरून त्यांना खाली बसवलं. मग त्यांनी पहिल्यांदाच ऐकत असल्याचा चेहरा करायला घेतला. तसला अभिनय मी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही पाहिलेला नाही. मी म्हणालो, “महागावला मी त्या बाईंना भेटलो, आणि त्या म्हणाल्या—” तेवढ्यात साडभाऊ छातीला हात लावून ओरडले, “अरे बाप रे! अस्सं काय!”

“अजून मी सांगितलं कुठं?” मी म्हणालो.

साडभाऊंनी सुपारी गिळली. वर्षा रडता रडता हसायला लागली. ताईंनी नवऱ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि उठून आत गेल्या. थोड्या वेळानं आतून लसूण-मिरच्या कुटण्याचा आवाज आला.

लग्न यवतमाळलाच झालं, साधं, आणि वऱ्हाडी मंडळींनी कापसाच्या भावावर चर्चा करत वरण-पोळीचा चट्टामट्टा केला. प्रशांत पाया पडायला वाकला, तेव्हा मी जवळच होतो. तो हळूच म्हणाला, “तुम्हाले तं सारं माहीतच होतं, बाबा.” साडभाऊ त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मले काय माहीत असणार? मी तं तुम्हाले आजच पाहून राह्यलो.” आणि एकदम तोंड फिरवून पंगतीतल्या कोणावर तरी विनाकारण ओरडले, की मठ्ठा वाढा.

साडभाऊ गेले त्यालाही आता बरेच दिवस झाले. झोपेतच गेले, जाताना काही सांगून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतंच. तेराव्याला आम्ही नात्यातल्या लोकांपुरता स्वयंपाक केला होता. पण सकाळपासून माणसं येत राहिली. कोणी बाभुळगावकडचे, कोणी महागावकडचे, कोणी नुसत्या दुपट्ट्यावरून कोणत्या गावचे ते ओळखू यावेत असे. बायका, म्हातारे, एक चांगला सुटाबुटातला मनुष्य. आमच्यापैकी कोणी त्यांना ओळखत नव्हतं, आणि ते एकमेकांनाही ओळखत नव्हते. येत, फोटोसमोर फूल ठेवत, थोडं बसत आणि उठून जात. काय संबंध, कसली ओळख, कोणी एक अक्षर बोललं नाही. आम्ही भात पुन्हा पुन्हा टाकत होतो.

दुपारी एक म्हातारी आली. बराच वेळ फोटोकडं पाहत बसली. ताईंनी तिच्याजवळ बसून विचारलं, “माय, यायनं तुमचं काय काम केलं होतं?”

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. “काही नाही, बाई,” ती म्हणाली, “एक डाव आली होती मी त्यायच्याकडे.”

ताईंनी पुढं विचारलं नाही. तिचा हात हातात घेतला, आणि मग तिचं पान वाढायला आत गेल्या.